जुनं सागवानी डेस्क घरीच नीट करायचंय, रंग आणि शाईच्या डागांचं काय करू?

मृणाल_वाई
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. उन्हाळ्यात वाईच्या जुन्या घराचं छप्पर उतरवलं तेव्हा माळ्यावरचं सगळं सामान खाली आलं आणि त्यात पणजोबांचं लिहायचं डेस्क निघालं. मांडी घालून बसून लिहायचं बुटकं डेस्क आहे, उतरतं झाकण, झाकणाखाली कागदांचा खण, वरच्या सपाट पट्टीत दौतीसाठी गोल खाच आणि टाक ठेवायला पन्हळ, खाली उजवीकडे एक छोटा ड्रॉवर. पणजोबा अर्जनवीस होते, कोर्टाच्या आवारात बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, आणि घरी आल्यावर रात्री याच डेस्कवर कंदिलाशी लिहीत बसायचे असं आजी सांगायची.

आत्ताची अवस्था: मधल्या काळात कुणीतरी त्याला हिरवा ऑइलपेंट फासलाय, तो जागोजागी तडकलाय. ड्रॉवर निम्मा उघडतो आणि अडकतो. एक बिजागरी पितळी, दुसरी लोखंडी. पाठीच्या फळीला बारीक बारीक भोकं आहेत. आणि दौतीच्या खाचेभोवती शाईचा काळा डाग आहे, तळहाताएवढा.

सुताराला दाखवलं तर तो म्हणाला मशीन मारतो, वर पीयू (पॉलियुरेथेनचा कडक थर) करतो, नवंकोरं होईल. पण मला नवंकोरं नकोय हो, मला पणजोबांचंच डेस्क हवंय. घरी स्वतः करायची फार इच्छा आहे. रंग कसा काढू, डाग काढू का ठेवू, आणि सुरुवात कुठून करू?

बोरूबहाद्दर
फोटोशिवाय धागा फाऊल!

काकू_ठाणे
अगं किती छान. आमच्याकडे असंच एक डेस्क होतं, सासूबाई त्यावर पोथी ठेवायच्या. नंतर घर बदललं तेव्हा भंगारात गेलं, अजून हळहळ वाटते. तू मात्र सोडू नकोस.

रंध्याचा_भुसा
मृणालताई, सगळ्यात आधी एक विनंती, पॉलिश पेपर अजिबात हातात घेऊ नका. निदान पहिले काही दिवस तरी. आधी डेस्क वाचायचं, मग हात लावायचा.

उलटं करून खालून बघा, रंग मारणारे खालची बाजू सहसा सोडून देतात, तिथे मूळ लाकूड दिसेल. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढता आला तर त्याच्या कोपऱ्यातले सांधे बघा. पंख्याच्या आकाराचे दात एकमेकांत बसवलेले असतील आणि ते दात थोडे लहानमोठे असतील तर हातकाम आहे, मशीनचे दात सगळे एकसारखे येतात. स्क्रू बघा. एकच सरळ चीर असलेले स्क्रू जुने असू शकतात, पण अधिकच्या खुणेचे असतील तर ते नंतर कुणीतरी बसवलेत हे नक्की, कारण तो प्रकार १९३० च्या दशकात अमेरिकेत आला आणि आपल्याकडे गावोगावी पोचायला त्यानंतरही बराच काळ गेला. तुमची लोखंडी बिजागरी बहुतेक तशाच स्क्रूंनी बसवलेली असणार.

मग स्पिरिटची परीक्षा. कापसाचा बोळा डिनेचर्ड स्पिरिटमध्ये बुडवून न दिसणाऱ्या जागी, जिथे हिरवा रंग नाही तिथे, अर्धा मिनिट टेकवून ठेवा. पृष्ठभाग चिकट झाला आणि बोळ्याला तपकिरी रंग आला तर खाली लाखेचं पॉलिश आहे. स्पिरिटने काहीच झालं नाही पण थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हीला दाद देत नसेल तर मेलामाइन किंवा पीयू, पण इतक्या जुन्या डेस्कवर ते नसावं.

लाख निघाली तर तुमचं निम्मं काम झालं म्हणून समजा. का ते परीक्षा झाल्यावर सांगतो.

शशी_डोंबिवली
मी थोडं उलट बोलणार आहे. लाखेचं पॉलिश दिसायला सुंदर पण वापरायला नाजूक. गरम चहाचा कप टेकवला की पांढरं वर्तुळ, पाणी सांडलं की डाग. डेस्क रोज वापरायचं असेल, घरात लहान मुलं असतील, तर पीयू काय वाईट? आमच्या डायनिंग टेबलला केलंय, सात-आठ वर्षं झाली, ओल्या फडक्याने पुसतो आणि विषय संपला. जुनं म्हणजे सगळं सोवळ्यातच ठेवायचं असं नाही.

रंध्याचा_भुसा
शशीभाऊ, डायनिंग टेबलला पीयू करा, मी स्वतः येऊन ब्रश धरतो. पण पीयू एकदा लाकडात बसलं की काढायला घासण्याशिवाय मार्ग नाही, आणि घासणं म्हणजे वरचं लाकूड जाणं. लाखेचं पॉलिश पन्नास वर्षांनी सुद्धा स्पिरिटच्या बोळ्याने परत जिवंत करता येतं, ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी दुरुस्त होतं. पुढच्या पिढीला परत उघडता येईल असंच काम जुन्या वस्तूवर करावं. नाजूक आहे हे मान्य, पण त्यावर चहा कशाला ठेवायचा?

बोरूबहाद्दर
चहाशिवाय लिहिणं होतं कुठे पण?

रसायनशाळा
रंगाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो, हे फार महत्त्वाचं आहे. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असतं. आपल्याकडे घरगुती रंगांमधल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या, त्यातही हिरव्या-पिवळ्या भडक रंगांबद्दल कसलीच खात्री देता येत नाही. म्हणजे कोरडं घासायचं नाही, मशीन तर मुळीच नाही, ती बारीक धूळ घरभर बसते आणि रांगणाऱ्या मुलांच्या पोटात जाते. हीट गनही नको, तापलेल्या शिशाची वाफ श्वासात जाते. खाली जाड प्लास्टिक अंथरा, रंग ओला करूनच खरवडा, नाकावर नुसता रुमाल नको, चांगला एन-९५ लावा, आणि निघालेला कचरा पिशवीत बांधून ठेवा, परसात झाडाखाली टाकू नका.

मेथिलीन क्लोराइडवाले पेंट रिमूव्हर मिळतात, ते बंद खोलीत जिवावर बेतू शकतात. शक्यतो नकोच.

मृणाल_वाई
सगळ्यांचे मनापासून आभार. फोटो टाकलेत बघा. @रंध्याचा_भुसा, ड्रॉवरच्या आतल्या बाजूला स्पिरिटचा बोळा लावला, लगेच चिकट झालं आणि बोळा मधासारखा तपकिरी आला! म्हणजे लाख ना? ड्रॉवरचे दात लहानमोठे आहेत, एक तर चक्क तिरका कापलाय. आणि हो, लोखंडी बिजागरीचे स्क्रू अधिकच्या खुणेचेच आहेत.

@रसायनशाळा, धन्यवाद, भाचा वर्षाचा आहे, आता सगळं काम मागच्या पडवीत हलवलंय आणि तिकडे त्याला बंदी.

रंध्याचा_भुसा
वा! आता ऐका. लाखेवर ऑइलपेंट मारलाय, म्हणजे रंगाने लाकूड धरलेलं नाही, लाखेला धरलंय. खालची लाख मऊ झाली की वरचा रंग सुटतो. जिथे रंग तडकलाय तिथून सुरुवात करा. जुनं सुती फडकं स्पिरिटमध्ये भिजवून त्या भेगांवर ठेवा, स्पिरिट उडून जाऊ नये म्हणून वरून प्लास्टिकचा कागद, पंधरा-वीस मिनिटं थांबा. मग धातूची नाही, लाकडाची किंवा प्लास्टिकची बोथट पट्टी घेऊन रंगाच्या कडेखाली सरकवा. जोर लावायचा नाही. निघत नसेल तर परत फडकं. दारं-खिडक्या उघड्या, जवळपास गॅस, उदबत्ती, निरांजन काही नको, स्पिरिट भडकतं.

वेळखाऊ आहे. एका बसणीत वीतभर जागा झाली तरी खूश व्हा.

एडिसनकर
धागा आवडला. मी न्यू जर्सीत असतो, आमच्याही गावी आजोबांचं शिसवी डेस्क आहे आणि ते इकडे आणायचं माझ्या फार मनात होतं. चौकशी केली तेव्हा कळलं की १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि ती तेवढी जुनी नाही असं म्हणायचं तर पुरातत्त्व खात्याकडून तसा दाखला घ्यायचा. वर शिसव २०१७ पासून साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत डालबर्जिया या अख्ख्या प्रजातीसकट आलंय, त्याची कागदपत्रं वेगळी. सागवानाला ती दुसरी कटकट नाही.

तरीही परदेशातल्या मंडळींना सांगेन की शक्यतो आणू नका. इथे हिवाळ्यात हीटिंग चालू झालं की घरातली हवा इतकी कोरडी होते की आपल्याकडच्या हवेत मुरलेलं लाकूड आकसतं आणि रुंद फळी मधोमध तडकते. मित्राच्या आईचा पाट असाच पहिल्याच जानेवारीत फाटला. आता आमचं डेस्क चुलतभावाकडे कोल्हापूरला आहे आणि तो त्यावर रोज लिहितो. समाधान आहे.

शशी_डोंबिवली
अवांतर: शिसवीवरून आठवलं, एकोणिसाव्या शतकात मुंबईत काळ्या शिसवीचं भरगच्च कोरीव फर्निचर व्हायचं, बॉम्बे ब्लॅकवुड म्हणून ओळखलं जातं. मेडोज स्ट्रीटला, म्हणजे आत्ताच्या नगीनदास मास्टर रोडला, त्याची दुकानं होती. त्यात उतरत्या झाकणाची साहेबी डेस्कं पण बनायची. आता असा माल लिलावात दिसतो. मृणाल, तुमच्या डेस्कची किंमत काढलीत का कधी?

मृणाल_वाई
नाही काढली आणि काढणारही नाही :)

म्हापसेकर
पाठीच्या भोकांकडे कुणी बघितलं का? आम्ही गोव्यात दमट हवेत राहणारी माणसं, आमचं पहिलं लक्ष तिथेच जातं. फळीखाली काळा कागद ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी बघा. कागदावर पिठासारखी ताजी पावडर पडली असेल तर भुंग्याची अळी आत जिवंत आहे. काही पडलं नसेल तर भोकं जुनी, काळजी नको. सागाच्या आतल्या पक्क्या लाकडाला भुंगा सहसा लागत नाही, लागला तर कडेच्या पांढऱ्या कच्च्या लाकडाला लागतो, नाहीतर पाठीला स्वस्तातलं आंब्याबिंब्याचं लाकूड वापरलेलं असतं त्याला.

आणि डेस्क भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागे चार बोटं जागा सोडा, हवा खेळली पाहिजे. आमच्याकडे पावसात भिंतीकडची बाजू नेमकी बुरशीने भरते.

काकू_ठाणे
आम्ही रॉकेल लावायचो बाई सरळ. आता रॉकेलच कुठे मिळत नाही.

रसायनशाळा
काकू, रॉकेलने वरवरचे किडे जातात, आतल्या अळ्यांना ते पुरत नाही, आणि नंतर त्या जागी पॉलिश धरत नाही. बाजारात लाकडाच्या किडीसाठी तयार औषध मिळतं, ते बिनसुईच्या सिरिंजने एकेका भोकात सोडायचं, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि मग प्लास्टिकमध्ये गुंडाळून काही दिवस ठेवायचं. उन्हात टाकून किडे मारायचा मोह नको, ऊन किड्याच्या आधी लाकडाला खातं. संग्रहालयांमध्ये लहान वस्तू उणे २० अंशात गोठवून कीड मारतात, पण डेस्क काही घरच्या फ्रीजमध्ये मावणार नाही.

बोरूबहाद्दर
श्रीखंड बाहेर काढलं तरी नाही का? :)

मृणाल_वाई
मंडळी, मला अत्यंत आनंद झालाय, हात थरथरतायत टाइप करताना. स्पिरिटची युक्ती चालली. झाकणाच्या कोपऱ्यात हिरवा रंग सालीसारखा सुटून आला, अख्खा पापुद्रा, आणि खाली पिवळसर सोनेरी सागवान, त्यावर जुनी लाख अजून चमकतेय!

पण खरी गोष्ट पुढेच आहे. ड्रॉवर पूर्ण काढून उलटा केला, तळाच्या फळीवर बाहेरच्या बाजूने पेन्सिलीने काहीतरी लिहिलंय. पाच-सहा ओळी आहेत, सगळी अक्षरं एकमेकांना जोडलेली, वर एकच लांब रेघ. मोडी असावं असं वाटतंय. तिरक्या उजेडात फोटो काढलाय. कुणाला वाचता येईल का?

मोडीवाचक
मोडीच आहे. अक्षर सुरेख, वळणदार, रोज लिहिणाऱ्याचं. फोटोत उजवीकडचा भाग पुसट आहे पण जेवढं लागलं तेवढं सांगतो. हिशेब आहे. पहिल्या ओळीत 'कागद', पुढे रक्कम आण्यांमध्ये. दुसऱ्या ओळीत 'शाई पुडी', तिसऱ्या ओळीत मला 'तिकिटे' वाटतंय, बहुतेक कोर्टफीची. चौथ्या ओळीत एक नाव आहे आणि पुढे 'येणे'. म्हणजे कुणाकडून तरी अर्जाचे पैसे यायचे राहिले होते. शेवटच्या ओळी स्पष्ट फोटोशिवाय सांगणार नाही, अंदाजाने वाचून चुकीचं काही डोक्यात घालणं बरं नव्हे. आणे आहेत म्हणजे १९५७ च्या आधीचं, नवे पैसे त्या वर्षीच्या एप्रिलपासून आले. मोडीचा रोजचा वापर बघता त्याच्याही बराच आधीचं असावं.

उजव्या बाजूने टॉर्च आडवा धरून, फ्लॅश बंद करून परत फोटो काढा. आणि कृपा करून त्या फळीवर पाणी, स्पिरिट, तेल, पॉलिश काहीही लावू नका. नुसत्या मऊ ब्रशने धूळ झटका. पेन्सिल घासली की गेली.

काकू_ठाणे
अंगावर काटा आला ग. ते येणं बाकीच राहिलं असेल का?

रंध्याचा_भुसा
सुताराने मशीन मारलं असतं तर दोन मिनिटांत हे सगळं भुशात गेलं असतं, आणि कुणाला कळलंही नसतं. शशीभाऊ, मी म्हणत होतो ते हेच.

शशी_डोंबिवली
मान्य. शंभर टक्के मान्य. या डेस्कसाठी पीयू मागे घेतो.

पळसगाव
गोंदियाहून. तुम्ही सगळे लाख लाख म्हणताय म्हणून सांगावंसं वाटलं, ही लाख आमच्याकडच्या पळसावर होते. बारीक किडे कोवळ्या फांद्यांवर बसून रस पितात आणि अंगाभोवती जो थर सोडतात ती लाख. फांद्या तोडून, खरवडून, धुऊन, गाळून तिचा चपडा, म्हणजे पातळ पापुद्रे, करतात. पळस, बोर, कुसुम ही तिची मुख्य झाडं. सगळ्यात जास्त लाख झारखंडात होते, रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. तुमच्या डेस्कवरची चमक कुठल्यातरी जंगलातल्या माणसाने खरवडून काढलेली आहे एवढंच सांगायचं होतं. चपडा घ्याल तर ताजा घ्या, फार जुना चपडा स्पिरिटमध्ये नीट विरघळत नाही आणि वाळतही नाही.

मृणाल_वाई
@पळसगाव, हे मला अजिबात माहीत नव्हतं, धन्यवाद. मग आता शाईच्या डागाचं काय करू? इतकं सगळं वाचल्यावर मला तो ठेवावासाच वाटतोय. पण आई म्हणते घाण दिसतं, पाहुणे काय म्हणतील.

रसायनशाळा
काढायचाच असेल तर आधी शाई कुठली ते बघावं लागेल. कचेऱ्यांमधली जुनी निळी-काळी शाई हिराकसाची असायची, म्हणजे लोहाची. तो डाग ऑक्झॅलिक अॅसिडच्या पाण्याने फिका होतो. लोखंडी खिळ्याभोवती सागवान काळं पडतं ते पण त्यानेच जातं. पण शाई काजळीची असेल तर कुठलंही अॅसिड तिला हलवू शकत नाही, कारण ती कोळशाची बारीक पूड आहे. ऑक्झॅलिक विषारी आहे, हातमोजे हवेतच, नंतर साध्या पाण्याने नीट पुसून घ्यावं लागतं, आणि अॅसिड लागलेली जागा आजूबाजूपेक्षा उजळ दिसते, मग तिथे रंग जुळवत बसा.

हे सगळं सांगून माझं मत: ठेवा.

रंध्याचा_भुसा
ठेवा. लोखंडी बिजागरीखालचा गंजाचा डाग मात्र काढा, तो पणजोबांचा नाही.

एडिसनकर
+१. टिळकांचं लिहिण्याचं डेस्क केसरीवाड्यात जपून ठेवलंय, तिथे कुणी पॉलिश बघायला जात नाही.

म्हापसेकर
आईंनाही पटेल. त्यांना मोडीचा हिशेब वाचून दाखवा आधी, मग डाग दाखवा.

मृणाल_वाई
दाखवला. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली 'डाग राहू दे'. म्हणजे ते ठरलं. @मोडीवाचक, नवीन फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलेत. पाठीची फळी काळ्या कागदावर ठेवली होती, पावडर पडली, म्हणजे भुंगा जिवंत आहे, औषध आणलंय. आता ड्रॉवरचं आणि पुढच्या पॉलिशचं सांगा. ड्रॉवर रंधून घेऊ का?

रंध्याचा_भुसा
पावसाळ्यात ड्रॉवर कधीही रंधायचा नाही! आत्ता लाकूड पाणी पिऊन फुगलंय, आत्ता रंधलात तर थंडीत तो खुळखुळा होईल. आधी बघा घासतंय कुठे, तिथे लाकूड चकचकीत झालेलं असतं. तेवढ्या जागी मेणबत्ती घासा. शिवाय तळाची फळी खाली झुकून अडकत असेल तर ती वर उचलून खाचेत परत बसवली की पुरतं. तुमच्या त्या फळीवर हिशेब आहे तेव्हा हे काम फार जपून.

एखादा सांधा ढिला असेल तर फेविकॉल नको. तो १९५९ ला बाजारात आला, तुमचं डेस्क त्याआधी सरसावर (जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा जुना गोंद) उभं होतं. सरस गरम पाण्याने परत सुटतो, त्यामुळे पुढे कधी दुरुस्ती लागली तर सांधा न मोडता उघडता येतो. जुना सरस कोमट पाण्याच्या फडक्याने पुसून काढा, नवा सरस पाण्यात भिजवून, भांड्यात भांडं ठेवून पातळ करा, उकळू देऊ नका, आणि गरम असतानाच लावून शिकंजात (क्लॅम्पमध्ये) धरा. शिकंजा नसेल तर सुती दोरी गुंडाळून काठीने पीळ द्या.

पॉलिश दिवाळीनंतर. दमट हवेत लाख पांढुरकी पडते. तोवर रंग काढायचं काम चालू ठेवा. पॉलिशला १ लिटर स्पिरिटमध्ये १२५ ग्रॅम चपडा, रात्रभर भिजत ठेवून मलमलीतून गाळा. कापसाचा बोळा जुन्या मलमलीत बांधा, एका वेळी थोडं थोडं, थांबायचं नाही, बोळा एका जागी टेकवून ठेवायचा नाही. जिथे जुनी लाख चांगली आहे तिथे नुसता हात फिरवा. लाकडाचे रंध्र भरायला खडूची पूड, पिवडी (पिवळी माती) आणि चिमूटभर काव (तांबडी माती) हे मिश्रण चांगलं, पण ते फक्त जिथे लाकूड उघडं पडलंय तिथेच. बोळा सरकायला जवसाच्या तेलाचा एखादा थेंब लागतो, आणि ते तेलकट फडके बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा, मग टाका.

शशी_डोंबिवली
पितळी बिजागरीची जोडी पुण्यात जुन्या बाजारात मिळू शकेल, बुधवारी किंवा रविवारी जा. नाहीतर बोहरी आळीत विचारा. सोबत जुनी बिजागरी न्या, भोकं जुळली पाहिजेत म्हणजे लाकडात नवी भोकं पाडावी लागणार नाहीत. आणि पितळ फार घासू नका, चिंच-मीठ लाकडाला लागू देऊ नका, बिजागरी काढूनच धुवा.

मोडीवाचक
नवीन फोटो उत्तम आलेत. पाचवी ओळ लागली. चौथ्या ओळीत ज्याचं येणं होतं त्याच्याच नावापुढे 'माफ' लिहिलंय. शेवटच्या ओळीत तिथी आहे, श्रावण शुद्ध, पुढचा आकडा आणि शक पुसलंय.

काकू_ठाणे
घ्या. मिळालं मला उत्तर.

मृणाल_वाई
काय लिहू कळत नाहीये. आईला फोनवर सांगितलं. आता ती फळी तशीच ठेवणार, वर काहीही लावणार नाही. शेवटचा प्रश्न, झाकणाला छोटं पितळी कुलूप आहे, किल्ली नाही, झाकण उघडंच आहे म्हणून अडलं नाही, पण किल्ली करून घ्यावी का?

रंध्याचा_भुसा
घ्या, पण चावीवाल्याकडे डेस्क नेऊ नका. आतल्या बाजूचे स्क्रू काढून नुसतं कुलूप न्या, आणि स्क्रू कुठला कुठे होता त्याची चिठ्ठी करून ठेवा. स्क्रू घट्ट असतील तर स्क्रू ड्रायव्हरचं टोक चिरेत पूर्ण बसेल असंच घ्या, नाहीतर चीर झिजते.

काकू_ठाणे
आणि पॉलिश झाल्यावर फोटो इथेच टाक, नवीन धागा काढू नकोस, मला सापडत नाहीत.